अंड्यांच्या खोक्यातली चिठ्ठी काढून टाकू का?

खुराडं_मुळशी:
मुळशीत दीड एकरावर माझ्या 240 कोंबड्या आहेत. सकाळी खुराडं उघडलं की दिवेलागणीपर्यंत मोकळ्या. चोच कापत नाही, पिंजरा नाही. अंडं 15 रुपयांना, कोथरूडमधल्या 62 घरांत घरपोच. गेल्या महिन्यात प्रत्येक खोक्यात चिठ्ठी टाकली: 'आमची कोंबडी मोकळी फिरते. दोन वर्षांनी अंडी आटली की आम्ही ती मांसासाठी विकतो.' 11 घरांनी अंडी बंद केली. भाऊ म्हणतो, काढ ती चिठ्ठी, कुणी विचारलं होतं का तुला? मला वाटतं, कोंबडीला नीट वागवतो म्हणून जादा पैसे घ्यायचे, तर तिचं शेवटी काय होतं तेही सांगायला हवं. तुमचं काय म्हणणं?

शेडवाला_सांगली:
भाऊ बरोबर बोलतोय. माझ्या 12 हजार लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या आहेत. ट्रेवर मी काही लिहीत नाही आणि कुणाला फसवतही नाही. हिशेब बघा की. कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खाते. 32 रुपये किलोने वर्षाचे झाले 1,285 रुपये. माझी कोंबडी 310 अंडी देते, म्हणजे अंड्यामागे चार रुपयांचं खाद्य. तुमची दीडशे देत असेल तर साडेआठ. मजुराच्या घरात 15 रुपयांचं अंडं कोण आणणार? तुमची नीती कोथरूडपुरती. शिवाय मोकळ्या कोंबडीला घार, मुंगूस, जंत, मानमोडीचा रोग, आणि वरून रानपाखरांकडून बर्ड फ्लू.

खुराडं_मुळशी:
खाद्याचं बरोबर आहे. किडे, गवत, भाजीचा पाला यांनी थोडा भरडा वाचतो, पण फार नाही. गावरान जात पाळली असती तर वर्षाला 60-70 अंड्यांवर धंदाच बसला असता, म्हणून सुधारित जात घेतली. शिकारीचंही खरं. फेब्रुवारीत रानमांजराने एका रात्रीत नऊ मारल्या. कडी लावायची माझ्याकडून राहिली होती. सकाळी दारातच पिसं, आणि उरलेल्या सगळ्या माळ्यावर एकमेकींना चिकटून बसलेल्या, आवाज नाही.
पण बर्ड फ्लूचं खापर आमच्यावर फोडू नका. 2006 साली देशात तो पहिल्यांदा आला नवापूरला, आणि तोही पोल्ट्रीच्या शेडांमध्ये. पिंजऱ्यात एका कोंबडीला साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा मिळते, ए-फोर कागदाहून कमी. पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. गरिबाला स्वस्त अंडं हवं हे मान्य, पण त्याची किंमत कोण मोजतंय तेवढं तरी म्हणू या.

भरीत_भाकरी:
मी अंडी सोडून सहा वर्षं झाली. तुम्ही दोघं एकाच धंद्यात आहात, एकाचं खुराडं मोठं इतकंच. चिठ्ठीत कोंबडीबद्दल लिहिलंत, नर कोंबड्यांबद्दल का नाही? लेयरच्या हॅचरीत नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि अंगही धरत नाहीत. जर्मनीने 2022 पासून त्यावर बंदी घातली. तुमची पिल्लं कुठून येतात?

खुराडं_मुळशी:
मी नर-मादी मिसळ पिल्लं घेतो. कोंबडे चार-पाच महिने वाढवून आखाडात विकतो, तेव्हा भावही बरा मिळतो. म्हणजे मरतात तेही, फक्त पहिल्या दिवशी नाही. हे चिठ्ठीत नव्हतं, चूक झाली.

भरीत_भाकरी:
'फक्त पहिल्या दिवशी नाही.' हेच वाक्य छापा.

कोथरूडची_काकू:
त्या 11 घरांतलं एक माझं. अरे दादा, कोंबडीचं काय होतं ते मला का माहीत नाही? माझ्या माहेरी डालग्याखाली कोंबडी झाकलेली दिसली की पाहुणे येणार हे आम्ही पोरं ओळखायचो. पण नातवासाठी ऑम्लेट फेटताना खोक्यातून तो कागद निघाला, त्याने मोठ्याने वाचला आणि ताट सरकवलं. आता मी दुकानातून अंडी आणते. ती पिंजऱ्यातलीच असणार हेही कळतं. म्हणजे तुझ्या खरेपणाचा फायदा शेडवाल्यांना झाला बघ. चिठ्ठी टाक, पण मोठ्या माणसाच्या हातात दे.

शेडवाला_सांगली:
काकू, आभारी आहे! गंमत सोडा, पण पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकणारे आहेत बाजारात. त्यांच्यापुढे हा गडी बरा.

खुराडं_मुळशी:
काकूंचं पटलं. खोक्यात नाही, पण नवीन घर जोडताना पहिल्या अंड्याआधीच कागद हातात देणार, नर कोंबड्यांची ओळ घालून. भाऊ दोन दिवस बोलत नाहीये. आजची खोकी मात्र त्यानेच भरली.

शेडवाला_सांगली:
आखाडात एक कोंबडा माझ्यासाठी ठेवा. आमच्या लेयरच्या रश्श्याला चव नसते, घरात कुणी खात नाही.