प्रवचनात ख्रिस्त मध्यभागी की तोंडी लावण्यापुरता?

धागाकर्ता, भायखळा:
मार्चमधील एका रविवारी आमच्या मंडळीत धिप्पाड योद्धा गल्याथ याला गोफणीने पाडणाऱ्या दावीदाच्या कथेवर प्रवचन झाले. पहिल्या बाकावर दहावीची मुले बायबलमध्ये हॉल तिकीट ठेवून बसली होती, आणि पाळकसाहेबांनी ओढ्यातील पाच गोट्यांना पाच चांगल्या सवयींची नावे दिली. त्यांतली एकही सवय वाईट नव्हती. मात्र चाळीस मिनिटांत ख्रिस्ताचे नाव आले ते शेवटच्या प्रार्थनेत. भीतीने गारठलेल्या सैन्याच्या वतीने दावीद एकटा पुढे गेला आणि त्याचा विजय सर्वांचा ठरला, हा त्या कथेचा गाभा आहे. तो धरून वधस्तंभापर्यंत गेले असते, तर नापास होणाऱ्या मुलालाही घरी नेण्यासारखे काही मिळाले असते.

प्रतिसाद, मालाड:
मी असहमत आहे. रात्रपाळी करून उपासनेला येणाऱ्या, घरात दारूची भांडणे आणि डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला हे ठाऊक असते. सोमवारी काय करावे, हे त्याला कळत नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने स्वतः राग, शपथ, पैसा आणि चिंता यांविषयी शिकवले. तेच विषय आपण घेतले, तर त्याला बाजूला सारले असे कसे म्हणता येईल?

धागाकर्ता:
विषय अवश्य घ्यावेत. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांकडे वर्गणी मागताना प्रेषित पौलाने, धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झालेल्या प्रभूची कृपा त्यांच्यापुढे ठेवली (करिंथकरांस दुसरे पत्र, ८:९). विषय पैशाचाच, पण मुळाशी ख्रिस्त.

प्रतिसाद, वांद्रे:
एक धोका मात्र सांगावासा वाटतो. इस्राएली हेरांना लपवणाऱ्या यरीहोच्या राहाबेने आपले घर वाचावे म्हणून खिडकीला बांधलेला किरमिजी दोर दिसला की लगेच वधस्तंभावरचे रक्त, असे जुन्या कराराचे विवरण मी अनेकदा ऐकले आहे. तिथे ख्रिस्ताचे नाव येते, पण राहाबेची गोष्ट हरवते.

धागाकर्ता:
हे मला पूर्ण मान्य आहे. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभूने दोन शिष्यांना, मोशे व संदेष्टे यांच्या लेखांपासून आरंभ करून, स्वतःविषयी उलगडून सांगितले (लूक २४:२७). प्रत्येक दोरात त्याला शोधावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्रतिसाद, मालाड:
तरीही तोच पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, चोरी करणाऱ्याने ती सोडून आपल्या हातांनी काम करावे, असे रोखठोक लिहितो.

धागाकर्ता:
लिहितो, पण चौथ्या अध्यायात. त्याआधीचे तीन अध्याय देवाने ख्रिस्तामध्ये काय केले हे सांगण्यात गेले आहेत. आमच्या व्यासपीठावरून थेट चौथाच अध्याय सुरू होतो, ही माझी तक्रार आहे. सवयींची यादी घेऊन घरी गेलेल्या मुलाला, ती पाळता आली नाही तर कोणाकडे जायचे, हे कोणी सांगितलेलेच नसते.