जुन्या संगणकातली कुलूपबंद गाणी नव्यावर कशी न्यायची?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या श्रोता मंडळासाठी विचारतोय. मंडळाचा संगणक जुना, विंडोज एक्सपीचा. मंडळाकडची सगळी गाणी पैसे मोजून घेतलेली आहेत, पण तीन तऱ्हांची:

१) एमफोरपी फाइली, तीनशेच्या वर. एका देणगीदारांनी २००५ ते २००८ मध्ये अमेरिकेत असताना स्वतःच्या खात्यावर घेतलेल्या. आता ते पुण्याला असतात, खातं चालू आहे. या संगणकावर आयट्यून्समध्ये (अॅपलचं गाणी वाजवायचं अॅप) वाजतात, दुसरीकडे कुठंच वाजत नाहीत.

२) डब्ल्यूएमए (मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीच्या) फाइली, ऐंशीभर. अर्ध्या वाजतात, अर्ध्या परवाना मागतात. ज्या दुकानातून घेतल्या ते केव्हाच बंद झालं.

३) एका सभासदाच्या फोनवर, महिन्याचे पैसे भरून एका अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली. ती पेन ड्राइव्हवर घेऊन गाडीत लावायची आहेत, कारण जांबोटी ओलांडली की कणकुंबी, चोर्लापर्यंत नेट असून नसल्यासारखं.

दुरुस्तीवाला म्हणतो, फॉर्मॅट मारून विंडोज १० टाकतो, फाइली आधी कॉपी करून ठेवतो. टाकू द्यावं का? शिवाय ८ एप्रिलला कुमारजींच्या (कुमार गंधर्व) जन्मदिवसानिमित्त श्रवणसत्र करायचा विचार आहे (सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं). विकत घेतलेली फाइल सभागृहात वाजवली तर चालते का?

निपाणीकर_अण्णा

फॉर्मॅट करू देऊ नगा. बाकीचं मागाहून. त्या पोराला सांगा, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव.

तारजोडणी

अण्णा बरोबर सांगतायत. कारण असं आहे.

एमफोरपी म्हणजे अॅपलच्या फेअरप्ले कुलपातली फाइल. गाणं फाइलमध्येच असतं, पण किल्ली त्या संगणकाला खात्याकडून मिळालेली असते. नुसती फाइल कॉपी केली तर कुलूप येतं, किल्ली मागं राहते. नव्या संगणकावर किल्ली मागायला आयट्यून्सला अॅपलच्या ऑनलाइन दुकानाशी बोलावं लागतं, आणि मे २०१८ पासून एक्सपी आणि व्हिस्टावरचं आयट्यून्स दुकानाशी बोलूच शकत नाही. म्हणजे तुमचा एक्सपी आज वाजवतोय तो जुन्या किल्लीवर. ती पुसली गेली तर त्या यंत्रावर एक्सपी परत टाकूनही मिळणार नाही. हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड बदलला तरी आयट्यून्स त्याला नवा संगणक समजू शकतं. एका खात्याला एकूण ५ संगणक मिळतात. पूर्वीचे जुने, भंगारात गेलेले संगणक अजून त्या पाचांत मोजले जात असतील. सगळे एकदम काढून टाकायचं बटण खात्याच्या पानावर आहे, पण ते वर्षातून एकदाच चालतं. ते दाबलं तर तुमच्या एक्सपीचाही अधिकार जाईल, म्हणून सध्या त्याला हात नको.

सोपी वाट आहे, आणि ती जुन्या संगणकाला न शिवता होते. २००३ मध्ये दुकान उघडलं तेव्हा गाणी १२८ केबीपीएसची (आकडा मोठा तेवढा आवाजाचा दर्जा बरा) आणि कुलूपबंद होती. २००७ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीची गाणी कुलपाविना, २५६ केबीपीएसमध्ये मिळू लागली आणि २००९ मध्ये अॅपलनं गाण्यांवरचं कुलूप सगळ्याच कंपन्यांसाठी काढलं. त्यामुळं त्याच खात्यातून जुनी खरेदी परत उतरवली तर बहुतेक गाणी कुलूप नसलेल्या एमफोरए फाइली होऊन येतात. पुन्हा पैसे पडत नाहीत.

कसं करायचं:

वेगळा, विंडोज १० किंवा ११चा संगणक घ्या. त्यावर आयट्यून्स टाका. नवं अॅपल म्युझिक अॅप टाकू नका. ते टाकलं की आयट्यून्समध्ये फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात आणि माणूस गोंधळतो. देणगीदारांना फोनवर धरून ठेवा, कारण लॉगिनचा सहा आकडी कोड त्यांच्याकडं जाणार. मग खात्याच्या मेनूत 'खरेदी केलेलं', त्यात 'माझ्या संग्रहात नसलेलं'. सगळं एकदम उतरवू नका. एकेक अल्बम घ्या, आणि प्रत्येकातल्या एका फाइलच्या माहितीत 'प्रकार' बघा. तिथं 'प्रोटेक्टेड' असेल तर कुलूप आहे, 'पर्चेस्ड' असेल तर मोकळी. २५६ला मिनिटाला साधारण २ एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाचा ख्याल ६० एमबीच्या आसपास. वाचनालयाच्या नेटवर रात्री लावून ठेवा.

दोन गोष्टी जपा. एक, खातं अमेरिकेचं असेल तर अमेरिकेचंच राहू द्या. देश बदलून भारत केला तर तिकडची खरेदी यादीत दिसायची बंद होऊ शकते. दोन, मोकळ्या फाइलीतही खरेदीदाराचं नाव आणि ईमेल लिहिलेला असतो. त्या फाइली गावभर वाटल्या तर कोणाच्या वाटल्या ते कळतं.

जी गाणी दुकानातूनच गेलीत ती परत उतरणार नाहीत. त्यांच्यासाठी तुमचा एक्सपी लागणार, म्हणून म्हटलं, फॉर्मॅट नको.

सीडी_आणि_साल

तारजोडणींच्या शेवटच्या ओळीपासून पुढं.

उरलेल्या एमफोरपीसाठी दुकानानंच ठेवलेला रस्ता म्हणजे ऑडिओ सीडी. एक्सपीवर प्लेलिस्ट करा, सीडी जाळा (म्हणजे कोऱ्या सीडीवर गाणी लिहा), तीच सीडी परत संगणकात घ्या. याला इंटरनेट लागत नाही. एकच प्लेलिस्ट ७ वेळाच जाळता येते (सुरुवातीला १० होत्या, २००४ मध्ये कमी केल्या), तुम्हाला एकदाच पुरे.

कुठं बिघडतं ते सांगतो:

— प्लेलिस्ट ७५ मिनिटांच्या आत ठेवा. सीडी ८० मिनिटांची असली तरी जुन्या ड्राइव्हला कडेच्या भागात चुका होतात.

— जाळण्याचा वेग ८ पट. 'जास्तीत जास्त' ठेवू नका. जाळण्यापूर्वी ड्राइव्हची लेन्स साफ करा, वाचनालयात धूळ असतेच.

— 'गाण्यांमधलं अंतर' शून्य करा. विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइली केलेल्या असतात, मध्ये दोन सेकंदांची शांतता आली की ठेका तुटतो. ऑडिओ सीडी निवडा, एमपीथ्री सीडी नको. त्यात कुलूपबंद गाणी जातच नाहीत.

— परत घेताना त्याच संगणकावर, त्याच आयट्यून्समध्ये घ्या. जाळलेल्या सीडीची नावं त्याला आठवतात. दुसऱ्या संगणकावर घेतली तर 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२' येतं आणि राग ओळखत बसावं लागतं.

— घेताना एमपीथ्री करू नका. १२८चं गाणं एकदा दाबलेलं आहे, परत दाबलं की तंबोऱ्याची आस आधी खरवडली जाते. अॅपल लॉसलेसमध्ये घ्या. आवाज सुधारणार नाही, पण आणखी उतरणारही नाही. जागा मिनिटाला साधारण ५ एमबी धरा.

पुनर्लेखनाच्या दोन-तीन सीडी असल्या तर पुसून पुसून काम होतं. खडेबाजारात नसल्या तर ऑनलाइन मागवा. साध्या एकवेळच्या घेतल्या तरी चालतील, आणि त्या शिल्लक प्रत म्हणून कपाटात ठेवता येतील.

डब्ल्यूएमएचं काम अवघड आहे. तिथं परवाना संगणकाच्या आत एका लपलेल्या साठ्यात असतो आणि यंत्राशी बांधलेला असतो. दुकानं २००८ च्या सुमारास एकेक करून बंद झाली. याहू कंपनीनं त्याच वर्षी सप्टेंबरअखेर परवाने देणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या एमएसएन म्युझिकचे परवाने ३१ ऑगस्ट २००८ ला थांबवायचं जाहीर केलं होतं, ओरड झाल्यावर २०११ पर्यंत मुदत वाढवली. २०२४ मध्ये तर त्यांनी जुन्या डीआरएम (म्हणजे या कुलपांच्या) सेवाच मोडीत काढायच्या यादीत टाकल्या. जे परवाना मागतायत त्यांना देणारा आता कोणी नाही, ती सोडून द्या. ज्या वाजतात त्यांच्यावर उजवी टिचकी देऊन गुणधर्मांत 'माध्यम वापराचे हक्क' बघा. तिथं सीडी जाळायची परवानगी लिहिलेली असेल तर विंडोज मीडिया प्लेयरमधून याच पद्धतीनं जाळा. हे काम एमफोरपीच्या आधी करा, कारण यातल्या परवान्यांना मुदत असू शकते.

चौकातला_डीजे

एवढा उपद्व्याप कशाला? कुलूप काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय की. नाहीतर मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्ह द्या, शंभर रुपयांत दोन हजार गाणी भरून देतात.

वकिली_बाजू

दुकानदार भरून देतो ती गाणी तुम्ही घेतलेली नसतात, तो विषय वेगळा आणि सरळसरळ बेकायदा.

कुलूप काढण्याबद्दल: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६५ए, हे २०१२ च्या दुरुस्तीत आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं कुलूप मोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूनं' हा शब्द तिथं मुद्दाम आहे. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी केलं तर गुन्हा नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे, आणि खासगी वापरासाठी उचित व्यवहाराची सूट कलम ५२ मध्ये आहे. अमेरिकेपेक्षा आपला कायदा याबाबत सैल. पण अपवादाला शेपूट आहे: दुसऱ्यासाठी कुलूप काढून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची असते. कोणता दुकानदार अशी वही ठेवतो? आणि वाचनालय म्हणजे 'खासगी' का, यावर वाद होऊ शकतो. परत उतरवणं आणि सीडी जाळणं हे विक्रेत्यानंच दिलेले रस्ते आहेत, ते असताना इकडं कशाला वळायचं?

श्रवणसत्राचं: कलम ५२(१)(के) बघा. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या किंवा तशा संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवलं तर तो भंग धरत नाहीत. नोंदणीकृत श्रोता मंडळ, तिकीट नाही, वाचनालयाची खोली, असं असेल तर पाया बरा आहे. सत्र मंडळाच्या इतिवृत्तात उपक्रम म्हणून लिहून ठेवा. तिकीट लावलं, प्रायोजक आणला, चौकात मंडप घातला की गणित बदलतं, मग परवाना घ्यावा लागतो. शिवजयंतीच्या चित्ररथांना आणि गणपती मंडळांनाही हे लागू आहे, फाइल विकतची आहे म्हणून सुटका नाही. लग्नाची वरात आणि धार्मिक विधी यांना मात्र वेगळी सूट आहे.

आणखी एक: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क बहुधा संपलेला असतो, पण कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही मोजा.

तारजोडणी

तिसरा प्रकार राहिला.

अॅपमधलं 'डाउनलोड' म्हणजे भाडं चालू असेपर्यंत ठेवायला दिलेली गुंडाळलेली फाइल. ती अॅपच्या खासगी फोल्डरात असते. पेन ड्राइव्हवर टाकली तर नुसता भरणा होईल, वाजणार नाही. पैसे थांबले, कंपनीचा करार तुटला किंवा अॅपच बंद झालं की ती जाते. तुलना करा: फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे गाण्यांचं दुकान २०१२ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद पडलं, पण तिथून घेतलेल्या एमपीथ्री कुलपाविना होत्या, आजही वाजतात. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं अॅप २०२४ मध्ये बंद झालं, त्यातली डाउनलोड त्याच्याबरोबर संपली.

गाडीसाठी ब्लूटूथ किंवा ऑक्स केबल. घाटात शिरण्यापूर्वी, जांबोटीतच, अॅपचा 'ऑफलाइन' पर्याय हातानं चालू करा. नाहीतर अर्धवट नेटवर अॅप सर्व्हर शोधत बसतं आणि डाउनलोड असूनही गाणं अडकतं. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावं लागतं, नाहीतर डाउनलोड काढून टाकतं. फोन 'साफ' करणारी अॅप्स काढून टाका.

पेन ड्राइव्हच हवा असेल तर एमफोरए मोकळ्या फाइली किंवा स्वतःच्या सीडीवरून घेतलेल्या. ड्राइव्ह ३२ जीबी किंवा कमी, फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलेला. जुना स्टीरिओ एनटीएफएस बहुधा वाचत नाही आणि काहींना एमफोरएही कळत नाही. तसं असेल तर फक्त गाडीची प्रत एमपीथ्री करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

जांबोटी_रोड

सर्वांचे आभार. परत उतरवायला सुरुवात केली, बहुतेक अल्बम मोकळे येतायत. एक शंका: एक्सपी चालू केला की दरवेळी तारीख २००२ दाखवतो. सीडी जाळण्यापूर्वी काही करायला हवं का?

सीडी_आणि_साल

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलीय. ती आधी बदला. डब्ल्यूएमएच्या मुदतीच्या परवान्यांना घड्याळ मागं गेलेलं चालत नाही, अर्ध्या न वाजण्याचं एक कारण हेही असू शकतं. वायर काढून, पाच मिनिटं थांबून बॅटरी बदला, चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) फक्त तारीख-वेळ भरा. तिथं 'डिफॉल्ट भरा' दाबू नका, हार्ड डिस्कचा मोड बदलला तर एक्सपी निळ्या पडद्यावर थांबेल. यूपीएस नसेल तर सीडी लाइट जायच्या वेळा टाळून जाळा.