किकरचं गणित वेगळं
सतरा-अठराव्या वर्षी सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) सोडून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलला जाणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला, असं म्हणतात; चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल ते मान्य. पण किकर, म्हणजे चेंडू लाथाडून गुण मिळवणारा? मॉर्टन अँडरसन १९७७ मध्ये डेन्मार्कहून एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून इंडियानापोलिसला आला, तोवर त्याने तो लंबगोल चेंडू कधी लाथाडलाही नव्हता. तिथून मिशिगन स्टेट विद्यापीठ, मग एनएफएल या व्यावसायिक लीगचे २५ हंगाम, २,५४४ गुण, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम! त्याआधी साठीच्या दशकात हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक कॉर्नेल विद्यापीठाकडून सॉकरसारखी तिरकी धाव घेऊन किक मारायचा. बाकीचे तेव्हा सरळ पळत येऊन बुटाच्या टोकाने मारत. आज सगळेच गोगोलाकच्या पद्धतीने मारतात, म्हणजे सॉकरवाल्याची अर्धी तयारी आधीच झालेली. (टॅकल करायची, म्हणजे समोरच्याला धरून पाडायची वेळ आली, तर मात्र देवच राखो.)