बायथलॉन बघून बघा

बरेच जण म्हणतात की स्कीइंग टीव्हीवर दहा मिनिटांत बोअर होतं, नुसतं पांढरंफटक, कोण पुढे कोण मागे कळत नाही. मान्य, पण मग बायथलॉन बघा. पाठीवर रायफल घेऊन जीव जाईस्तोवर स्कीइंग करायचं आणि तशाच धापा टाकत येऊन ५० मीटरवरची पाच टार्गेट्स उडवायची, झोपून मारताना ४५ मिमीचं आणि उभ्याने ११५ मिमीचं, तरी उभ्यानेच जास्त चुकतात कारण छाती भात्यासारखी चालू असते! बहुतेक प्रकारांत एक गोळी चुकली की १५० मीटरचा जादा फेरा, खरी गंमत तिथेच, अर्ध्या मिनिटाची आघाडी घेऊन आलेला गडी शेवटच्या शूटिंगला दोन चुकवतो आणि मागचा पाचही उडवून निघून जातो.
२०१८ च्या ऑलिंपिकला मास स्टार्टमध्ये (सगळे एकदम सुटतात ती शर्यत) फ्रान्सचा फूरकाद आणि जर्मनीचा शेम्प यांचा निकाल फोटो फिनिशवर लागला, १५ किमी स्कीइंग करून!! (जिंकला फूरकाद.)
नवीन असाल तर परस्यूटपासून सुरू करा (आधीच्या शर्यतीत जेवढ्या वेळाने मागे, तेवढ्याच वेळाने मागून सुटायचं), जो आधी पोचला तो जिंकला, डोक्याला ताप नाही. इंडिव्हिज्युअल हा प्रकार नंतर बघा, त्यात फेऱ्याऐवजी वेळ वाढवतात आणि सगळे वेगवेगळ्या वेळी सुटतात, त्यामुळे सतत कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघत बसावं लागतं.