मॅजेस्टिकला काय काय पाहिलंत?

खोतवाडीकर:
परवा पहिल्यांदाच मेट्रोने गिरगावात उतरले. नातवाला म्हटलं, चल, तुला मॅजेस्टिक दाखवते. तिथे पोचल्यावर तो म्हणतो, "आजी, ही तर दुकानं आहेत!" खरंच की. थेटर ७२ सालीच पाडलं, तिथे शॉपिंग सेंटर झालं, आणि मी अजून पत्ता सांगताना "मॅजेस्टिकजवळ" म्हणते.
बाबा पगार झाला की आम्हा तिघी बहिणींना न्यायचे. तिकिटं दोघींचीच, धाकटी मांडीवर. ती आठ वर्षांची झाली तरी मांडीवरच! १४ मार्च १९३१ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, इथेच लागला. आजोबा गेले होते, पण तिकीट न मिळता परत आले. तरी जन्मभर "मी आलम आराला होतो" असं सांगायचे. बाहेर होते, हे आजी सांगायची.
लिहा तुमच्या आठवणी. दुसऱ्या थेटरच्या असल्या तरी चालतील.

बटाटेवडा:
आजोबा भारी 😂 चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं होतं म्हणतात त्या वेळी. आणि हीरो आपला मास्टर विठ्ठल! करारावरून कोर्टात गेला तेव्हा त्याचे वकील कोण, तर बॅरिस्टर जिना.

निशिगंधा:
शूटिंग रात्री करायचे ना? स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, गाड्या थांबल्याशिवाय आवाज घेता येत नसे. आता त्या सिनेमाची एक प्रत शिल्लक नाही. थेटर नाही, फिल्म नाही. कुकर झालाय, येते परत.

दादरचा_पोपट:
मॅजेस्टिक माहीत नाही, आम्ही कोहिनूरवाले. ७१ला 'सोंगाड्या'साठी बाळासाहेब मध्ये पडले ते हेच. पुढे नक्षत्र झालं. आम्ही मात्र शेवटपर्यंत कोहिनूरच म्हणायचो. बाकी एका थेटरात (नाव घेत नाही) इतके ढेकूण की मावशी घरी आल्यावर दारातच साडी झटकायची. चाळभर कळायचं, आज मावशी सिनेमाला गेली होती.

गुडघेदुखी:
मेट्रोचा विषय निघालाच आहे तर, गिरगाव स्टेशनला लिफ्ट कुठल्या बाजूला आहे? आईला न्यायचंय.

बटाटेवडा:
@गुडघेदुखी खाली उतरल्यावर तिथल्या माणसालाच विचारा. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा चुकीच्या बाजूला निघालो.

जुनं_पुस्तक:
कुणीच कसं लिहिलं नाही? केशवराव कोठावळे थेटरपाशी फूटपाथवर जुनी पुस्तकं विकायचे, म्हणून मॅजेस्टिक बुक स्टॉल, मग मॅजेस्टिक प्रकाशन. थेटर पाडलं तरी नाव पुस्तकांच्या पाठीवर बसून घराघरात गेलं. माझ्या कपाटात आत्ता निदान वीस तरी मॅजेस्टिक आहेत. सिनेमा मात्र तिथे एकही पाहिला नाही, जन्मच ७४चा.

निशिगंधा:
आले. अगं बाई, हे मला माहीतच नव्हतं! मला वाटायचं मालकांनी ऐटीत ठेवलंय नाव.

सिंगापूरची_सून:
वाचतेय सगळं. ऑफिसात आहे, रडू येतंय. सासरे गायवाडीतले. त्यांना वाचून दाखवते रात्री.

मांडीवरची_धाकटी:
ताई, मीच ती. आठ नाही, सात. आणि मुंग्या तुझ्या पायाला यायच्या म्हणून तू मला चिमटे काढायचीस, तेही लिही की. पुढच्या माणसाच्या टोपीमुळे मी अर्धेच सिनेमे पाहिलेत, शेवट सगळे तू घरी सांगितलेले. त्यातले निम्मे तू रचलेले होतेस, हे मला लग्नानंतर टीव्हीवर कळलं!

खोतवाडीकर:
शहाणे, फोन उचल. तीनदा केला.

दादरचा_पोपट:
मांडीवरून उतरल्या वाटतं 😄