माईकशिवायचं गाणं : तुमच्या घरगुती बैठकांचे अनुभव लिहा

कोल्हापुरात गाणं ऐकायला दर वेळी तिकीटच काढावं लागतं असं नाही. कुणाच्या तरी घरी बैठक ठरते, निरोप तोंडी फिरतो आणि वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात. अशा बैठकांचे अनुभव इथं लिहा. सुरुवात मी करतो.

मंगळवार पेठेत मित्राच्या माडीवर आम्ही चौघं दोस्त गेलो होतो. चौघांत जाणकार एकच. गायिका जयपूर-अत्रौली घराण्यात शिकलेल्या. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, तीनतालात संपूर्ण मालकंस हा राग सुरू झाला, तसा जाणकार कानात कुजबुजला, "आता पंचमावर लक्ष ठेव." मालकंस पाच स्वरांचा, या संपूर्ण प्रकारात रिषभ आणि पंचमही येतात, आणि तरी मालकंस मोडता कामा नये. बाई पंचमाला नुसता स्पर्श करून खाली यायच्या. सभागृहात स्पीकरमधून ऐकताना हे मला कधी कळलं नव्हतं. इथं आकाराची लांब तान घेण्याआधी त्या दम कधी भरतात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबल्याकडं कसं बघतात, सगळं तीन हातांवर. जाणकारानं समेला माझ्याच मांडीवर थाप मारली. दुसऱ्या आवर्तनापासून मलाही सम दिसायला लागली.

तुम्ही सुटा आता.

*

मी गाणं शिकते, त्यामुळे बैठकीत मागं तानपुऱ्यावर असते. आमची बैठक ऐन जुलैत होती. कोल्हापूरचा पाऊस आणि तानपुरा यांचं अजिबात पटत नाही. मिळवून ठेवावा तर चहा येईपर्यंत उतरलेला. जोडी मिरजेची, उत्तम, पण हवेपुढं काय करणार? बागेश्री गायचं ठरलेलं, म्हणून पहिली तार मध्यमाला लावली होती. जवारीचा दोरा, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा तिच्याखालचा धागा, घोडीवर केसभर मागं-पुढं करत मी बराच वेळ बसले. समोरचे एक काका वैतागले, "ताई, झालं का नाही अजून?" बुवांनी त्यांनाच पुढं बोलावलं आणि भोपळ्याला कान लावायला सांगितलं. काका लावून बसले ते उठेचनात. शेवटी बुवाच म्हणाले, "काका, आता मला गाऊ द्या की!"

*

आमच्याकडं राजारामपुरीत बैठका होतात. बाकीचे गाण्यावर लिहितील, मी घरातलं लिहिते. फ्रीज बंद करावा लागतो. एरवी जाणवत नाही, पण तानपुरे जुळले की त्याची घरघर मधेच बेसूर लागते. पंखेही बंद. शेजारच्या वहिनींना कुकर साडेआठनंतर लावा म्हणून आधीच सांगून ठेवते. आणि मोबाईल! पहिल्या रांगेत हात वर करून चित्रीकरण करणाऱ्याला मी परत निरोप देत नाही. स्पष्ट सांगते.

आणखी एक. "घरचीच बैठक आहे" म्हणून कलाकारांचं पाकीट हलकं करू नका. आम्ही वर्गणी आधीच जमवतो, तबला-पेटीवाल्यांची वेगळी ठेवतो. साथीदारांना मसालेभात आणि नुसतं "वा वा" देऊन पाठवणारी घरं मला माहीत आहेत.

*

मला दोस्तांनी ओढून नेलं. गाण्यातलं मला ढिम्म कळत नाही. अर्ध्या तासात सटकायचा बेत होता, पण जागा मिळाली भिंतीकडंला. उठायचं म्हणजे सगळ्यांचे गुडघे तुडवत जायचं. बसलो मग. ख्याल डोक्यावरनं गेला, खोटं कशाला बोलू? पण ठुमरीत बाईंनी एकच ओळ घोळवली राव! आधी रुसून, मग समजूत काढल्यागत, मग थेट भांडूनच. शब्द तेच. परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध प्यालो, तर तिघं राग कुठला यावर भांडत होते आणि मी ती ओळ गुणगुणत होतो. पुढच्या बारीला सांगा, येतो.

*

मी सत्तरी ओलांडलेला. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून इथं ठेवलं. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडं मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ पासूनची. १९१५ चं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा आमच्या वयाची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.

घरच्या बैठकांचं कौतुक वाचलं, छान वाटलं. पण एक खटकतं. तुमचा तोंडी निरोप ओळखीतच फिरतो. आमच्या गल्लीत रिक्षावाल्याचा मुलगा पेटी शिकतोय, हात चांगला आहे. त्याला कुठल्या माडीवरून निरोप जाणार? जाहीर कार्यक्रमात निदान दारातून आत जाता येतं, कुणाचा कोण म्हणून विचारत नाहीत.

*

काका, मुद्दा बरोबर आहे. मी आत्ताच मित्राशी बोललो. पुढची बैठक दिवाळीनंतर, त्याच माडीवर. मुलाला घेऊन या, त्याच्याकडून वर्गणी घेणार नाही. पेटीवाल्यांना सांगून त्यांच्या उजव्या हाताला जागा ठेवतो, म्हणजे बोटं दिसतील.