ऑर्केस्ट्रा लायब्ररीसाठी १२८ जीबी रॅम? माझं मत : आधी नको

धरमपेठी स्कोअर
एकांकिका आणि शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत करणाऱ्या आपल्या नागपूरच्या पोरांना सध्या जो तो एकच सल्ला देतो: ऑर्केस्ट्राच्या लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) अडखळताहेत ना, मग १२८ जीबी रॅम टाका. माझा या सल्ल्याला विरोध आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे जाऊन पोचलेत ते बर्डीच्या बाजारात कुणालाही विचारा. नव्या मुलाने तेवढे पैसे रॅममध्ये घातले की लायब्ररीला आणि ऑडिओ इंटरफेसला हाती काही उरत नाही.

मुळात लायब्ररी अख्खी रॅममध्ये बसत नाही. स्पिटफायर कंपनीच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा या लायब्ररीची प्रोफेशनल आवृत्ती ६०० जीबीच्या घरात आहे, ती १२८ मध्ये तरी कुठे मावणार? लायब्ररी वाजवणारा कॉन्टॅक्टसारखा प्लेअर प्रत्येक सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या एकेका सुराचा, फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतो आणि उरलेलं, सूर दाबला की डिस्कवरून ओढतो. या तुकड्याचं माप कॉन्टॅक्टमध्ये मुळात ६० केबी असतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला २८८ केबी लागतात, म्हणजे ६० केबी हा सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा झाला. एवढी उसंत फिरत्या हार्ड डिस्कला लागायची, कारण तिचं हेड जागेवर पोचायलाच १०-१२ मिलिसेकंद जातात आणि शंभर सूर शंभर ठिकाणी पडलेले असतात. एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकते. मग ६० केबी अडवून ठेवायची गरज काय? माप १२ वर आणा.

याने काय फरक पडतो ते पाहा. एका व्हायोलिन सेक्शनमध्ये १५ आर्टिक्युलेशन (वाजवण्याच्या पद्धती), प्रत्येकात २० सूर, ४ डायनॅमिक थर (हळू ते जोरात), ३ राउंड रॉबिन (त्याच सुराची आलटून-पालटून वाजणारी रेकॉर्डिंग) आणि ३ माइक धरा. सॅम्पल झाली १०,८००. ६० केबीने जवळपास ६५० एमबी, १२ ने १३०. म्हणजे त्याच ३२ जीबीत पाचपट वाद्यं. शिवाय पर्ज आहेच: सगळी सॅम्पल रॅममधून काढून टाका, तुम्ही लिहिलेल्या संगीतात जे सूर वाजतील तेवढेच परत भरले जातात. पियानिसिमोत (अगदी हळू) चार सूर धरणाऱ्या व्हायोलाने फोर्टिसिमोची (अगदी जोरातली) सॅम्पल रॅममध्ये कशाला ठेवावी?

माझं म्हणणं: ३२ जीबी, फार तर ६४, लायब्ररीसाठी वेगळी एसएसडी, आणि वर सांगितलेली सेटिंग. त्यानंतरही अडलं तर रॅमचं बघू.

सक्करदरा कीज
दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. तुम्ही खोलीत बसून माउसने सूर टाकणाऱ्याचा विचार केलाय. मी तालमीत वाजवतो.

दिग्दर्शक म्हणतो, "इथे ती आत आली की चेलो खाली जाऊ दे." मी चेलो उचलतो, खालचा सा धरतो, आणि तो सूर पर्ज झालेला असला की पहिल्या दाबाला येतच नाही किंवा अर्धा तुटून येतो. दुसऱ्यांदा वाजवतो तेव्हा व्यवस्थित येतो, पण तोवर नटीचं वाक्य संपलेलं असतं. झाडीपट्टीत तर दिवाळीनंतर रात्र-रात्र प्रयोग चालतात, तिथे "परत घ्या" म्हणायची सोय नाही. अशा कामाला सगळी वाद्यं भरून तयार असलेलं टेम्प्लेटच (आधीच मांडून ठेवलेलं प्रोजेक्ट) लागतं, आणि त्यासाठी रॅम लागते.

लिहितानाही तेच. समोर ओबो, बासून, हॉर्न तयार असले की मी ते वाजवून बघतो. बंद ट्रॅक चालू करायला अर्धा मिनिट थांबायचं असेल तर हात आपोआप तयार असलेल्या स्ट्रिंग्जकडेच जातो. तुमच्याकडून काम शिकलेल्या मुलांच्या स्कोअरमध्ये वुडविंड (ओबो-बासूनसारखी फुंकवाद्यं) इतके कमी का ऐकू येतात, याचा विचार करा. मला तरी हे कारण दिसतं.

बर्डी असेंबलर
मी मशीन बांधतो. दोघांचंही वाचून राहिलो, पण आवाज तुटण्याचं मोठं कारण दोघांनीही सांगितलं नाही भाऊ. ते आहे प्रोसेसरचा एक-एक कोअर आणि विंडोजचे ड्रायव्हर.

एका ट्रॅकवरचं वाद्य आणि त्यामागची इफेक्टची साखळी बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालते. १६ कोअर घेतले तरी लेगाटोचा (सूर न तोडता जोडून वाजवण्याचा) जड पॅच त्यातल्या एकावरच बसतो. वाजवायला घेतलेल्या ट्रॅकचे तर जास्तच हाल, कारण क्यूबेस, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं एएसआयओ-गार्ड किंवा आगाऊ प्रोसेसिंग फक्त आधी टाकलेल्या ट्रॅकला मदत करतं. म्हणून कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहा.

ड्रायव्हरचं म्हणाल तर लेटन्सीमॉन हे ड्रायव्हर तपासणारं सॉफ्टवेअर चालू करून पंधरा मिनिटं सोडून द्या. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो हे त्यात उघड दिसतं. काम करताना वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीची झोप बंद, आणि लायब्ररीचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेलं. यातल्या कशालाही एक रुपया लागत नाही.

रॅम घ्यायचीच असेल तर चार कांड्या घेऊ नका. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरला दोन कांड्यांवर अधिकृत वेग ५२०० मिळतो, चार लावल्या की ३६०० वर येतो. ४८ च्या दोन घ्या, ९६ जीबी होतात.

अन् हे पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून "सायलेंट" मशीन मागणं बंद करा बाप्पा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते. खोलीत एसी नसला तर बिनआवाजाचा मंद पंखा काहून पुरंल? प्रोसेसर ९५ डिग्रीला टेकला की वेग स्वतःच उतरवतो, अन् माणूस म्हणते लायब्ररी खराब आहे. त्यात खोलीतल्या पाण्याच्या कूलरची ओल आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर असा थर बसतो की ब्रशनेही निघत नाही. मी दर उन्हाळ्याच्या तोंडी गिऱ्हाइकांना मशीन उघडून साफ करायला बोलावतो. रायझन असेल तर बायोसमध्ये इको मोड लावून देतो: उष्णता बरीच उतरते, वेग थोडासाच जातो. उन्हाळाभर हेच ठेवा.

संत्रानगरी बीट्स
एवढा खटाटोप कशाला? मॅक मिनी घ्या, विषय संपला.

सक्करदरा कीज
एम-४ मिनीच्या मूळ मॉडेलमध्ये १६ जीबी येते आणि नंतर वाढवता येत नाही. जास्त रॅमचा हवा असेल तर घेतानाच तसा घ्यायचा आणि त्याचे पैसे मोजायचे. मशीन छान आहे, पण विषय संपत नाही, किमतीवर येऊन थांबतो.

महालातली व्हायोला
मला तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एक गृहीत धरलेली गोष्ट खटकते: लायब्ररी मोठीच हवी, माइक सगळेच हवेत. मी स्वतः व्हायोला वाजवते म्हणून बोलते. आपल्या एकांकिका जिथे होतात त्या सभागृहांच्या स्पीकरमधून क्लोज (वाद्याजवळचा), ट्री (मधला) आणि आउटरिगर (बाजूंचा) या तीन माइकांतला फरक किती प्रेक्षकांपर्यंत पोचतो? प्रत्येक माइक म्हणजे तेवढे आवाज पुन्हा डिस्कवरून ओढणं आणि तेवढी रॅम पुन्हा अडवणं. एकच मिक्स ठेवा, ओझं तिथल्या तिथे एक तृतीयांश होतं.

त्याच बीबीसी ऑर्केस्ट्राची डिस्कव्हर आवृत्ती काहीशे एमबीत येते. वाद्यं त्याच रेकॉर्डिंगमधली, मेडा व्हेल स्टुडिओत झालेली. ऑर्केस्ट्रल टूल्स कंपनीच्या साइन प्लेअरमध्ये हवं तेवढंच वाद्य, हवा तेवढाच माइक उतरवता येतो. नव्या मुलाने वर्षभर यावर लिहावं. व्हायोला कुठवर खाली जाते, हॉर्नवाल्याला श्वास कुठे घ्यावा लागतो, हे त्याला कळलेलं नसताना १२८ जीबीत वाजवलं तरी ते खोटंच वाजणार. मोठ्या मशीनचा सल्ला देणाऱ्यांनी आधी त्याचा स्कोअर मागून बघावा.

धरमपेठी स्कोअर
ताई, माइकांबद्दल शंभर टक्के सहमत. मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की शेवटच्या मिक्सला हवे तर बाकीचे माइक चालू करा, ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे तयार ऑडिओ करून ठेवा) आणि माइक परत बंद करा. छोट्या आवृत्तीवर वर्षभर राहा, हे मात्र मला पटत नाही. डिस्कव्हरमध्ये आर्टिक्युलेशन मोजकीच आहेत. खऱ्या लेगाटोशिवाय चेलोची ओळ लिहायला शिकणं कठीण जातं, मुलगा मग सगळंच छोट्या तुटक सुरांत लिहायला लागतो.

असेंबलर भाऊ, उन्हाळ्याचं तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक नागपूरकराने वाचावं. त्यात एक भर: कूलरची मोटर सुरू होताना त्याच लाइनवरचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. मशीनला वेगळं यूपीएस ठेवा, आणि ते शुद्ध साइन वेव्हचं असू द्या, कारण चौकोनी लहरीच्या साध्या इन्व्हर्टरशी आताच्या काही एसएमपीएसचं (मशीनच्या पॉवर सप्लायचं) जमत नाही. लाइट गेल्यावर मशीन धाडकन बंद पडतं ते यामुळेही असू शकतं.

आता सक्करदरा. तालमीत वाजवणाऱ्याला भरलेलं टेम्प्लेट लागतं, यावर माझा वाद नाही. पण प्रयोगात तुम्ही वाजवता ती वाद्यं किती? आठ, दहा. १२ केबीच्या मापाने आणि एकाच माइकने ती न पर्ज करता ३२ जीबीत आरामात बसतात. १२८ ची गरज दोनशे ट्रॅक कायम उघडे ठेवणाऱ्याला आहे, आणि तसं काम नागपुरात कुणाकडे रोज येत नाही.

सक्करदरा कीज
काम येत नाही म्हणून तयारी करायची नाही, हे मला मान्य नाही. आणि एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. एकांकिकेत पंधरा प्रवेश म्हणजे पंधरा प्रोजेक्ट. एक बंद करून दुसरं उघडलं की तीच वाद्यं परत भरली जातात. व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो हे सॉफ्टवेअर घेतलं तर वाद्यं त्याच्यात भरलेली राहतात, प्रोजेक्ट खुशाल बदला. ते जुन्या दुसऱ्या मशीनवर लावून लॅनच्या केबलने जोडताही येतं. माझ्याकडे तसंच आहे. जुन्या मशीनची रॅम अजून त्या मानाने स्वस्तात मिळते, म्हणून नव्या मशीनवर ओतण्यापेक्षा तिथे ओता. रॅम हवीच, फक्त कुठे टाकायची ते डोकं वापरून ठरवा.

बर्डी असेंबलर
दोन मशीन म्हणजे त्याच खोलीत दुप्पट उष्णता. जानेवारीत ठीक आहे. मे महिन्यात दुसरं मशीन शेजारच्या खोलीत ठेवा, केबल लांब घ्या.

नवा अरेंजर
मी हा प्रश्न घेऊनच आलो होतो. माझ्याकडे साधा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, लायब्ररी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. स्ट्रिंग्जचा पाचवा ट्रॅक टाकला की कडकड सुरू होते. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. काय घेऊ?

महालातली व्हायोला
काही घेऊ नकोस. आधी प्रत्येक ट्रॅकवर एकच माइक ठेव आणि पुन्हा वाजवून बघ.

सक्करदरा कीज
१६ म्हणजे फारच कमी. ३२ कर.

धरमपेठी स्कोअर
एसएसडी घे, साधी साटाची चालेल. ती सेकंदाला ५०० एमबी देते, म्हणजे कागदावर सतराशे स्टिरिओ आवाज. पाच सेक्शनला त्याच्या पाव हिश्श्याचीही गरज नाही. पण विकत घेण्याआधी आज रात्री एवढं कर. ताईंनी सांगितलं तसं एकच माइक ठेव, ऑडिओ सेटिंगमधला बफर ५१२ वर ने, तोच पाचवा ट्रॅक वाजव आणि कॉन्टॅक्टच्या वरच्या पट्टीत डिस्क आणि सीपीयू यांच्या आकड्यांवर नजर ठेव. डिस्कचा आकडा उसळला तर एसएसडी. सीपीयूचा उसळला तर असेंबलर भाऊंकडे मशीन घेऊन जा. दोन्ही शांत राहून रॅम काठोकाठ भरली तर सक्करदराचं ऐक. जे दिसेल ते इथेच लिही.